शिडीच्या गणितात ८० खरं की ७५?

पत्र: मॅडम नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं. न्यूटनचे नियम येतात, सूत्रं पाठ आहेत, सर फळ्यावर सोडवतात ते सगळं कळतं, पण इक्विलिब्रियमचं (वस्तू स्थिर असतानाच्या बलांचं) गणित स्वतः करायला घेतलं की सुरुवात कुठून करू तेच सुचत नाही. परवाचं सांगते. ५ मीटर लांब, २० किलोची शिडी, गुळगुळीत भिंतीला टेकवलेली, पाय भिंतीपासून ३ मीटर लांब, जमिनीचा म्यू (घर्षणाचा गुणांक) ०.४, जी (गुरुत्व त्वरण) १० घ्यायचा, फ्रिक्शन (घर्षण) काढा. मी म्यू एन केलं, म्हणजे म्यू गुणिले जमिनीचं वर ढकलणारं बल (नॉर्मल), ८० न्यूटन आलं. मागे उत्तर ७५ दिलंय. टॉर्क (बलाचा फिरवण्याचा जोर, बल गुणिले काटकोनातलं अंतर) घेऊन केलं तर ७५ च येतं, मग म्यू एन चुकीचं कसं? आणि टॉर्क कुठल्या पॉइंटभोवती घ्यायचा हे सरांना आधीच कसं कळतं? साइन की कॉस यात तर दर वेळी गोंधळ. पप्पा म्हणतात झेपत नसेल तर आर्ट्सला जा. काय करू?

उत्तर: आधी मेन प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझ्या जिवाला शांतता. ७५ बरोबर आहे. पण तुझ्या ८० लाही अर्थ आहे बरं का, फक्त तो "फ्रिक्शन किती आहे" याचा नाहीये, तो "फ्रिक्शन जास्तीत जास्त किती होऊ शकतं" याचा आहे. टाकीत ८० लिटर पाणी आहे म्हणून आपण रोज ८० लिटर वापरत नाही ना, लागेल तेवढंच काढतो, तसंच स्टॅटिक फ्रिक्शन जेवढी गरज तेवढंच लागतं आणि म्यू एन ही त्याची वरची मर्यादा. तुझ्या शिडीला गरज ७५ ची आहे, मर्यादा ८० ची आहे, म्हणून शिडी उभी आहे, पण अगदी काठावर. म्यू ०.३५ असता तर मर्यादा ७० झाली असती आणि ती शिडी टेकवल्या टेकवल्या घसरली असती.

आणि ८० का असू शकत नाही ते तुला स्वतःलाच पकडता आलं असतं. शिडीवर आडवी बलं किती आहेत, फक्त दोन, भिंत बाहेर ढकलतेय ती आणि जमिनीचं फ्रिक्शन भिंतीकडे ओढतंय ते. भिंतीचं टॉर्कमधून ७५ आलं. आता फ्रिक्शन ८० धरलं तर भिंतीच्या दिशेला ५ न्यूटन शिल्लक राहतात, म्हणजे कोणी हात न लावता शिडीने स्वतःहून भिंतीकडे सरकायला लागलं पाहिजे. असं कधी कुठे होतं का? म्हणून म्यू एन सरसकट लिहायचं नाही. ते कधी लिहायचं, तर प्रश्नात "जस्ट अबाउट टू स्लिप", "लिमिटिंग", "मिनिमम म्यू", "मॅक्सिमम किती वर चढेल" असं काहीतरी असेल तेव्हाच. असं काही नसेल तर फ्रिक्शन हा एक अननोन समजायचा, तो समीकरणांतून काढायचा आणि शेवटी म्यू एन पेक्षा कमी आहे ना एवढं तपासायचं.

आता सुरुवात कुठून करायची ते, आणि हे नीट वाच कारण तुझं खरं अडलेलं इथेच आहे असं मला पत्रावरून वाटतंय. तू गणित वाचलंस की लगेच सूत्र शोधतेस. सूत्र शोधायचंच नाही आधी. आधी ठरवायचं की आपण कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय. इथे शिडी. मग कागदावर फक्त शिडी काढायची, एक तिरकी रेघ, भिंत नाही काढायची, जमीन नाही काढायची, कारण ती काढली की हात आपोआप त्यांच्यावरची बलं पण त्याच आकृतीत काढायला लागतो आणि मग शिडी भिंतीला ढकलते आणि भिंत शिडीला ढकलते हे दोन्ही बाण एकाच चित्रात येऊन बसतात, एकमेकांना कापतात आणि सगळं शून्य होऊन जातं. मग विचारायचं, या शिडीला कोण कोण शिवतंय? जमीन शिवतेय, भिंत शिवतेय, बास. न शिवता ओढणारी एकटी पृथ्वी. म्हणजे बलं या तिघांकडूनच येणार, चौथा कोणी नाही. प्रत्येक बाणाला विचारायचं, "तुला कोण लावतंय?" आणि ज्या बाणाला उत्तर देता येत नाही तो खोडायचा. मुलं सवयीने "एमए" (वस्तुमान गुणिले त्वरण) चा बाण काढतात, काही जण "रिअॅक्शन" म्हणून एक जास्तीचा बाण काढतात आणि तो कोणाचा ते त्यांनाच सांगता येत नाही. एफबीडी, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम, म्हणतात ते एवढंच आहे.

तुझ्या शिडीचा एफबीडी मग असा होतो. पृथ्वी २०० न्यूटनने खाली ओढतेय, शिडी सगळीकडे सारखी आहे असं धरून तो बाण बरोबर मध्यावर. भिंत गुळगुळीत आहे म्हणजे ती फक्त काटकोनात ढकलू शकते, म्हणून वरच्या टोकाला एक आडवा बाण, भिंतीपासून लांब. जमीन मात्र खरबरीत आहे, ती दोन कामं करते, वर ढकलते आणि आडवं फ्रिक्शन देते. चार बाण झाले, त्यातला एक माहिती आहे, तीन नाहीत. आणि एका प्रतलातल्या गणितात आपल्याकडे समीकरणं पण तीनच असतात, आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, टॉर्कची बेरीज शून्य. तीन अननोन तीन समीकरणं, म्हणजे गणित सुटणार. ही मोजणी प्रत्येक वेळी कर, दहा सेकंद लागतात आणि धीर येतो.

टॉर्क कुठल्या पॉइंटभोवती. कुठल्याही. मी खरंच सांगतेय, कुठल्याही पॉइंटभोवती घे, उत्तर तेच येतं. कारण असं, की तू पॉइंट सरकवलास तर प्रत्येक बलाचं त्या पॉइंटपासूनचं अंतर बदलणार, पण सगळ्यांच्या बाबतीत सरकणं एकसारखंच आहे, त्यामुळे एकूण टॉर्कमध्ये जो फरक पडतो तो एकूण बल आणि सरकलेलं अंतर यांच्यामुळेच पडतो, आणि वस्तू स्थिर आहे म्हणजे एकूण बल शून्य आहे, त्यामुळे फरक पण शून्य. म्हणून एका पॉइंटभोवती टॉर्क शून्य असला की सगळ्या पॉइंटभोवती शून्य. शिडी खरोखर कुठे फिरतेय, तिथे बिजागरी आहे का, याच्याशी या निवडीचा काही संबंध नाही.

मग सर ठराविक पॉइंटच का घेतात, तर मेहनत वाचवायला. जे बल त्या पॉइंटमधून जातं त्याचा टॉर्क शून्य, ते समीकरणातून गायब होतं. म्हणून जे अननोन तुला नकोयत ते जिथून जातात तो पॉइंट निवडायचा. शिडीच्या पायाशी घेतलंस तर जमिनीची दोन्ही बलं गायब, राहिलं भिंतीचं बल गुणिले ४ मीटर बरोबर २०० गुणिले १.५ मीटर, म्हणजे ७५. (उंची ४ मीटर कशी, तर ३, ४, ५ चा त्रिकोण, गणित बनवणाऱ्यांचा लाडका.) वरच्या टोकाशी घेतलंस तर भिंतीचं बल गायब, पण जमिनीची दोन राहतात, म्हणून आधी उभ्या बलांवरून नॉर्मल २०० काढायचा आणि मग २०० गुणिले ३ बरोबर २०० गुणिले १.५ अधिक फ्रिक्शन गुणिले ४, परत ७५. उत्तर तेच, रस्ता जरा लांबचा.

आता मला सगळ्यात आवडतो तो पॉइंट सांगते. शिडीच्या पायाच्या बरोबर वर, भिंतीवरच्या टोकाच्या उंचीला, ४ मीटरवर, हवेतला पॉइंट. तिथे शिडी नाही, भिंत नाही, काही नाही. पण जमिनीचा नॉर्मल सरळ वर जातो तो तिथून जातो आणि भिंतीचं आडवं बल पण त्याच उंचीवर आहे, त्याची रेघ लांबवली की ती पण तिथून जाते. दोन्ही गायब! उरलं २०० गुणिले १.५ बरोबर फ्रिक्शन गुणिले ४. प्रश्नात फ्रिक्शनच विचारलं होतं, एका ओळीत आलं, नॉर्मल काढायची गरजच नाही. सरांना आधीच काही माहीत नसतं गं, ते फक्त बघतात की काय विचारलंय आणि बाकीचे दोन कुठे भेटतात.

साइन कॉसचं. माझं मत स्पष्ट आहे, या गणितांत सुरुवातीला साइन कॉस लिहूच नकोस. एकच वाक्य लक्षात ठेव, उभ्या बलाला आडवं अंतर, आडव्या बलाला उभं अंतर. वजन उभं आहे, तर पॉइंटपासून ते आडवं किती लांब आहे ते बघ, १.५ मीटर. भिंतीचं बल आडवं आहे, तर उभं किती उंच आहे ते बघ, ४ मीटर. बल तिरकं असेल तर त्याचे आधी उभा आणि आडवा असे दोन तुकडे कर आणि प्रत्येक तुकड्याला हाच नियम लाव, दोन्ही तुकड्यांच्या टॉर्कची बेरीज म्हणजेच मूळ बलाचा टॉर्क. याला व्हॅरिनॉनचं प्रमेय म्हणतात, पिएर व्हॅरिनॉन हा १६५४ ते १७२२ मधला फ्रेंच गणिती. गणितात लांबीऐवजी कोन दिला असेल तर साइन कॉस येणारच, पण तेव्हाही आधी आकृतीत आडवं अंतर कुठलं ते बोटाने दाखव आणि मगच त्याला कॉस म्हणायचं की साइन ते ठरव, कारण कोन जमिनीशी दिलाय की भिंतीशी यावर ते उलटंपालटं होतं आणि पाठांतर नेमकं तिथेच दगा देतं.

आता याच शिडीवर ६० किलोचा माणूस चढवूया, कारण परीक्षेत पुढचा प्रश्न तोच असतो आणि खऱ्या आयुष्यात पण तोच असतो. इथे एक बारीक गोष्ट. शिडीवर माणसाचं वजन लागत नाही. वजन म्हणजे पृथ्वी माणसाला ओढते ते, ते माणसावर आहे. शिडीवर लागतो तो माणसाच्या पायांचा दाब. माणूस स्थिर उभा असेल तर दोन्ही ६०० न्यूटनच भरतात म्हणून आकडा बिघडत नाही, पण तो माणूस शिडीवर उडी मारत असेल तर दाब वेगळा आणि वजन तेच. कोण कोणावर बल लावतंय हे विचारायची सवय असली की हे आपोआप दिसतं.

माणूस शिडीवरून एक्स मीटर चढला तर पायापासून आडवं अंतर ०.६ एक्स. पायाभोवती टॉर्क घेऊन भिंतीचं बल येतं ७५ अधिक ९० एक्स, आणि फ्रिक्शनला तेवढंच व्हावं लागतं. जमिनीचा नॉर्मल आता ८००, म्हणजे मर्यादा ३२०. "मॅक्सिमम किती वर" असं विचारलंय म्हणून आता, आणि आताच, फ्रिक्शन बरोबर म्यू एन लिहायचं. एक्स आला २.७२ मीटर. पाच मीटरच्या शिडीवर माणूस अर्ध्याच्या थोडा पुढे गेला की शिडी निसटणार. एवढंच नाही, समीकरणाकडे बघ, तो सगळ्यात खालच्या पायरीवर असताना गरज जेमतेम ७५ च्या आसपास आणि मर्यादा एकदम ८० वरून ३२० झाली, म्हणजे खाली उभा राहिलेला माणूस शिडी घट्ट करतो आणि तोच माणूस वर गेला की ती निसटवतो. घरी कोणी रंग द्यायला शिडीवर चढलं की दुसरा खालच्या पायरीवर पाय देऊन उभा राहतो ते याचसाठी.

शिडी लावायचा नियम पण असतो, चार मीटर उंचीला एक मीटर बाहेर, जमिनीशी कोन साधारण ७५ अंश. तुझ्याच शिडीला हा नियम लावून बघ, भिंतीचं बल रिकाम्या शिडीला फक्त २५, आणि माणूस अगदी टोकावर गेला तरी १७५, मर्यादा मात्र ३२० च. मोठ्ठा फरक आहे! हे गणित नुसतं मार्कांचं नाहीये, शिडीवरून पडून माणसं जायबंदी होतात, आणि कोन थोडा बदलला तर ते टळतं हे तुला आता कागदावर दाखवता येतं.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे बिजागरीचा. दुकानाची पाटी लटकवलेला आडवा रॉड, २ मीटरचा, ४० न्यूटन वजनाचा, टोकाला १०० न्यूटनची पाटी, आणि त्याच टोकापासून भिंतीला ३० अंशात वर गेलेली केबल. बिजागरीचं बल कुठल्या दिशेला, असा प्रश्न मुलांना पडतो आणि बहुतेक जण रॉडच्या दिशेला काढून मोकळे होतात. तसं करू नको. दिशा माहीत नाही ना, मग दोन तुकडे काढ, एक आडवा एक उभा, दिशा वाटेल ती धर, उत्तर मायनस आलं तर समज की उलटी होती, आकृती खोडायची गरज नाही. बिजागरीभोवती टॉर्क घे म्हणजे ते दोन्ही गायब. केबलच्या टेन्शनचा उभा तुकडा म्हणजे अर्धं टेन्शन, गुणिले २ मीटर, बरोबर ४० गुणिले १ अधिक १०० गुणिले २, टेन्शन २४० न्यूटन. पाटी रॉड मिळून १४० चं ओझं आणि केबलमध्ये २४०, हे बघून दचकू नको, केबल तिरकी आहे, तिला उभं १२० देण्यासाठी एकूण २४० ताणावं लागतं, आणि कोन आणखी कमी केला तर टेन्शन आणखी वाढेल. बिजागरीचं आडवं बल साधारण २०८, उभं १४० वजा १२० म्हणजे २० वर. आता पडताळणी, रॉडच्या टोकाभोवती टॉर्क घे, बिजागरीचं उभं २० गुणिले २ बरोबर ४० गुणिले १. जुळलं. ही पडताळणी म्हणजे दुसऱ्या पॉइंटभोवती एकदा टॉर्क घेऊन बघणं, ती परीक्षेत मिनिटभरात होते आणि चूक तिथल्या तिथे सापडते. आणि बघ, ते २० न्यूटन आले कुठून, तर रॉडला स्वतःचं वजन आहे म्हणून. "लाइट रॉड" म्हटलं असतं तर उभं शून्य आलं असतं आणि बिजागरीचं बल खरोखरच रॉडच्या दिशेला असतं. म्हणून प्रश्नात "लाइट" लिहिलंय का ते बघायचं.

लामीच्या प्रमेयाबद्दल (तीन बलं आणि त्यांच्यातले कोन यांचं नातं) तू विचारलं नाहीस पण सांगते, कारण क्लासमध्ये ते सगळीकडे लावायची फॅशन आहे. ते फक्त तीन बलं असतील आणि तिन्हीच्या रेघा एका पॉइंटमधून जात असतील तरच लागतं. मात्र एक छान गोष्ट अशी की वस्तू स्थिर असेल, तिच्यावर तीनच बलं असतील आणि ती समांतर नसतील, तर त्यांच्या रेघा एकत्र भेटतातच. तुझ्या शिडीत जमिनीचे दोन तुकडे एकत्र धर, म्हणजे बलं तीनच. वजनाची रेघ आणि भिंतीच्या बलाची रेघ भेटतात त्या जागी, पायापासून आडवं १.५ आणि उभं ४. जमिनीचं एकत्र बल त्याच दिशेने गेलं पाहिजे. २०० भागिले ७५ कर आणि ४ भागिले १.५ कर. दोन्ही २.६७. एकही समीकरण न सोडवता नुसत्या पट्टीने रेघ मारून पण हे गणित सुटलं असतं.

काही गणितं या तीन समीकरणांनी सुटतच नाहीत, तिथे स्वतःला दोष देऊ नकोस. भिंत पण खरबरीत असली की अननोन चार होतात, समीकरणं तीनच, आणि चौथ्या पॉइंटभोवती टॉर्क घेऊन नवीन समीकरण मिळत नाही, जुनीच वेगळ्या वेषात येतात. अशा गणितात "दोन्हीकडे घसरण्याच्या बेतात" असं दिलेलं असतं, मग म्यू एन दोन्हीकडे लावता येतं. चार पायांच्या टेबलाचं पण तेच, प्रत्येक पायावर किती भार हे नुसत्या इक्विलिब्रियमने सांगता येत नाही, टेबल आणि जमीन किती दबतात ते माहीत असावं लागतं. तीन पायांच्या तिवईचं सांगता येतं.

सरावाचं म्हणशील तर पन्नास गणितं करू नकोस. पाच घे आणि प्रत्येकात एक एक गोष्ट बदलून बघ, शिडी अजून तिरकी केली तर काय, माणूस खाली आला तर काय, आणि आकडा काढायच्या आधी तोंडाने सांग की वाढेल का कमी होईल. सोल्यूशन बघायचंच असेल तर फक्त आकृती बघ आणि पान झाक. फळ्यावरचं कळतं आणि स्वतःला येत नाही याचं कारण हेच आहे, फळ्यावर निवड सरांनी केलेली असते, कोणती वस्तू, कोणता पॉइंट, आणि तुझ्यासमोर नुसती आकडेमोड येते. ती निवड करायची प्रॅक्टिस तुला कोणी दिलेलीच नाही.

पप्पांना काळजी वाटतेय म्हणून ते बोलतात, त्यांच्याशी वाद घालू नकोस. आर्ट्सला आवडीने जायचं असेल तर जरूर जा, पण शिडीच्या गणितामुळे जाऊ नको. दोन उत्तरं जुळत नाहीत हे बघून तू गप्प न बसता विचारलंस, मागचं उत्तर उतरवून मोकळी झाली नाहीस, फिजिक्सला लागतं ते हेच आणि ते तुझ्याकडे आहे. मराठी मीडियमचा प्रश्न खरा आहे पण तो थोड्या इंग्रजी शब्दांचा आहे, "स्मूथ", "युनिफॉर्म", "लाइट", "लिमिटिंग", "हिंज्ड" असे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव आणि प्रत्येकासमोर त्याने एफबीडीत काय बदलतं ते लिही.

आणि हे एक करून पाठव. तीच शिडी, पाय ३ मीटरवरच, तोच ६० किलोचा माणूस, त्याला शिडीवरून ४ मीटर चढायचंय, शिडी घसरू नये म्हणून म्यू कमीत कमी किती हवा? उत्तर ०.५४ च्या आसपास यायला पाहिजे. नाही आलं तर आकडेमोडीचा नको, आकृतीचा फोटो पाठव.